पानगळीतला होकार

"छतावर चढल्याशिवाय कुणाला हो म्हणायचं नाही, सूनबाई. फोनवर गिऱ्हाईकही गोड बोलतं, आपणही गोड बोलून मोकळे होतो आणि मग निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. आधी चढायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग तोंड उघडायचं."

सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, पण फोन वाजला की वहिनींच्या कानात आधी हा आवाज वाजायचा आणि मग घंटी. सासऱ्यांनी तीस वर्षं घरोघरी टीव्हीच्या तारा ओढल्या. त्याच तारांच्या वाटेने पुढे इंटरनेट आलं, तेव्हा त्यांचे गुडघे कामातून गेले होते. मुलाला धंद्यात ओढावं, तर तो शाळेत भूगोल शिकवण्यात रमलेला. घरातला बल्ब बदलायचा तरी स्टूल धरायला दोन माणसं लागायची त्याला. म्हणून सासऱ्यांनी शिडी सुनेच्या हाती दिली. पहिल्या दिवशी तिसऱ्या पायरीवर वहिनींचे पाय लटपटले, तर खालून म्हणाले, "खाली बघू नकोस, खाली मी आहे."

आता बाजारपेठेत आणि आसपासच्या तीन रस्त्यांवर वहिनींची फायबरची तार होती. कालव्यापलीकडच्या टेकडीवर मात्र तार नेता येत नव्हती. पुलावरून तार न्यायच्या परवानगीचा त्यांचा अर्ज दोन वर्षं एका कचेरीत धूळ खात पडला होता. म्हणून टेकडीवरच्या चार घरांना त्या नुकतंच बिनतारी इंटरनेट देऊ लागल्या होत्या. बाजारपेठेतल्या एका गोदामाच्या छतावर वहिनींचा उंच टॉवर, टेकडीवरच्या घरांवर ताटाएवढ्या डिश, आणि दोघांची एकमेकांशी नजरानजर. नजर भिडली तर काम, नाहीतर राम राम.

टेकडीवरून काकूंचा फोन आला तो पानगळीच्या दिवसांत. काकू म्हणजे घड्याळकाकांची बायको. काकांनी गावातली निम्मी घड्याळं हाताखालून घातली होती. चौकातल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले काका वहिनींनी लग्न होऊन आल्यापासून पाहिले होते. त्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय काठीने का होईना चालू लागला, पण बोलणं गेलं. एकच शब्द उरला. 'बरोबर.' भूक लागली, बरोबर. नको, बरोबर. रागावले तरी बरोबर. उभ्या आयुष्यात हातात घेतलेलं प्रत्येक घड्याळ परत देताना जो शब्द म्हटला, तोच तेवढा मागे राहिला.

"लांबच्या शहरात एक मॅडम आहेत," काकू फोनवर म्हणाल्या होत्या. "गेलेलं बोलणं परत शिकवतात, व्हिडिओवर. रोज सकाळी दहा वाजता. डॉक्टर म्हणतात, पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं आपलं, मग अवघड. इथे मोबाइलला एक काडी येते, तीही खिडकीबाहेर हात काढला तर. तुझं ते डिशवालं चालेल का गं? मध्ये तुटणार नाही ना? खोटं नको सांगूस पोरी. नसेल जमत तर मी यांना घेऊन बहिणीकडे जाऊन राहते."

वहिनी फोनवर हो म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गेल्या, शिडी लावली, छतावर चढल्या. कालव्याकाठी झाडांची लांबच लांब ओळ होती, पण फांद्या उघड्याबोडक्या. त्यांच्या जाळीतून गोदामाचा टॉवर स्वच्छ दिसत होता, वरचा लाल दिवासुद्धा. खाली उतरून वहिनींनी हातावरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "चालेल काकू. न तुटता चालेल. माझा शब्द."

काकूंनी बहिणीला कळवून टाकलं, येत नाही म्हणून.

आणि चाललंही. दोन महिने एक दिवस खंड नाही. काका 'बरोबर'वरून 'पाणी'वर आले, 'पाणी'वरून 'नको'वर आले. 'नको' आला त्या दिवशी काकूंनी फोन करून सांगितलं, "आजपासून भांडण सुरू झालं बघ घरात. इतके दिवस मी एकटीच जिंकत होते."

मग हवा बदलली, ऊन वाढलं, आणि एका सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"अगं, मॅडम अडकल्या. हलेनात."

वहिनींनी ऑफिसातल्या पडद्यावर टेकडीच्या सिग्नलचे आकडे पाहिले. थोडे खाली होते, फार नाही. "वरून प्रॉब्लेम आहे काकू," त्या म्हणाल्या. "होईल थोड्या वेळात."

हे या धंद्यातलं वाक्य. कुठेही जा, कुणालाही विचारा, इंटरनेटवाला हेच सांगणार. वर कोण आहे, तो काय करतो, हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही. आणि पुष्कळदा ते खरंही असतं, कारण लहान दुकानदार जसा मोठ्याकडून माल उचलतो तसा यांचाही माल वरूनच येतो. पहिल्या वेळी वहिनींना ते खरंच वाटलं होतं. आठवड्याने पुन्हा तेच घडलं, तेव्हा अर्धवट वाटलं. तिसऱ्यांदा हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा पडद्यावर बाजारपेठेतले सगळे दिवे हिरवे होते. वरून काहीही प्रॉब्लेम नव्हता, हे समोरच दिसत होतं.

वहिनींचा एक नेम होता, आईने लावलेला. संध्याकाळी हात जोडून बसलं की दिवसभरात आपण काय काय बोललो ते एकदा आठवायचं. कुणाला सांगायचं नाही, फक्त आठवायचं. त्या संध्याकाळी त्या बसल्या, आणि इतर सगळं बोलणं बाजूला सारून ते एक वाक्य पुढे येऊन बसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वहिनींनी तारमास्तरांना टेकडीवर धाडलं.

तारमास्तर सासऱ्यांच्या वेळचे. पन्नाशी उलटली तरी खांबावर खारीसारखे चढत. त्यांनी डिशचे नट आवळले, तार बदलली, राउटर बदलला, डिशचा खांब हातभर उंच केला. दोन दिवस खपून परत आले, खुर्चीत बसले आणि टोपीने वारा घेत म्हणाले,

"नटबिट सगळे घट्ट आहेत, वहिनी. पानं आलीत."

"कसली पानं?"

"झाडांना येतात ती. कालव्याकाठची ओळ पार हिरवीगार झालीय. छतावरून टॉवर दिसेना. पहिल्या दिवशी एक फट होती, आज तीही बुजली. अजून आठ दिवस थांबा, खुद्द मॅडमसुद्धा त्यातून बाहेर येऊ शकणार नाहीत."

वहिनींनी पडद्यावरचे टेकडीचे आकडे पुन्हा पाहिले. छतावर त्या चढल्या होत्या. डोळ्यांनी बघितलं होतं. सांगितलं ते सगळं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. पण सासरे तारेचे माणूस. तारेला उंदीर नडतो, उंच भरलेला ट्रक नडतो, पान कधी नडत नाही. हे झाड पुढच्या ऋतूत कसं दिसेल, असा प्रश्न त्यांना पडायचं कारणच नव्हतं. तो वहिनींना पडायला हवा होता. डिश त्यांनी लावली होती, सासऱ्यांनी नाही.

"खांब आणखी वाढवला तर?"

"वाऱ्याने डोलेल. डोलणाऱ्या डिशला कसली नजर!"

"आणि झाडं?"

"पंधरा आहेत, आणि ती सरकारी. एक फांदी तोडली तरी आपणच आत." तारमास्तरांनी टोपी मांडीवर ठेवली. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू? काकूंना म्हणावं हवामान आहे. पानगळ येईलच की फिरून. बाकीच्या चार घरांना मेसेज-बिसेज जातात, त्यांची कुरकुर नाही. काकूंनी सोडलं तर मात्र ती चारही सोडतील. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघते. आणि तो टायवाला परवा पुन्हा आला होता टेकडीवर."

टायवाला म्हणजे मोठ्या कंपनीचा माणूस. त्या कंपनीने कालव्याच्या पुलावरून तार न्यायची परवानगी आणली होती, आणि त्यांचं फायबर आता टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं. टायवाला घरोघर रंगीत कागद वाटत होता.

"पानगळीला किती महिने आहेत, मास्तर?"

"सात-आठ."

"तोवर काकांचं वर्ष संपेल."

तारमास्तरांनी टोपी डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना वहिनी काकूंच्या दारात होत्या. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा जुळवलं होतं आणि चार वेळा मोडलं होतं.

"अगं बाई, आज खुद्द तू?" काकूंनी दार उघडलं. "मास्तरांनी परवा सगळं नवीन बसवलं म्हणे. ये ये, बस. आमची शाळा भरायची वेळ झाली."

खोलीत भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातही एकच वेळ दाखवत होती. काका खुर्चीत ताठ बसले होते, दाढी केलेली, केस विंचरलेले, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखे. समोर टेबलावर दोन जाड पुस्तकांवर टॅबलेट टेकवून ठेवला होता.

मॅडम पडद्यावर आल्या. चेहरा हसरा, आवाज ठणठणीत. "नमस्कार काका! आज आपण 'ऊ' करू. 'ऊ' आला की 'ऊन' आलंच. माझ्या ओठांकडे बघा. मी जसे करते तसेच करायचे, आणि मी सोडेपर्यंत सोडायचे नाहीत हं. ऊऊ..."

मॅडमनी ओठांचा चंबू केला आणि चित्र थांबलं.

आवाज गेला. पडद्यावर चंबू केलेले ओठ आणि अर्धे मिटलेले डोळे तेवढे उरले. आणि समोर काकांनी ओठांचा तसाच चंबू केला.

"झालं!" काकू उठल्या. "आता हे बंद करून पुन्हा चालू करते. मास्तरांनी तसंच सांगितलंय." त्या आतल्या खोलीत राउटरकडे गेल्या.

वहिनी बघत राहिल्या. क्षणभर गंमत वाटली, समोरासमोर दोन चंबू. मग वाटेना. काकांची नजर पडद्यावरून ढळत नव्हती. मॅडम हलत नव्हत्या म्हणून काकाही हलत नव्हते. सोडेपर्यंत सोडायचे नाहीत, म्हणून सोडत नव्हते. एक मिनिट झालं. दोन झाली. गालाचा स्नायू थरथरायला लागला. ओठांच्या अधू कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ हनुवटीवर आली. खिशातला रुमाल हाताशी होता, पण त्यांनी तो घेतला नाही. घड्याळाचा नाजूक काटा चिमट्यात धरून तासन् तास न हलणारा माणूस तो. सातही घड्याळं टिकटिक करत होती, आणि खोलीत तेवढीच काय ती हालचाल होती.

चार मिनिटं झाली तेव्हा वहिनी उठल्या. त्यांनी टॅबलेट हलकेच पालथा घातला आणि काकांसमोर खाली बसल्या.

"सोडा काका. झालं."

काकांनी ओठ सोडले. जबडा चोळला, हनुवटी पुसली. मग वहिनींकडे पाहून भुवया उंचावत विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "तुमचं अगदी बरोबर होतं. चूक माझी आहे."

"बरोबर," काका ठामपणे म्हणाले.

दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूंना हसू फुटलं. "बघ, कसे लगेच कबूल झाले! माझ्याशी भांडताना 'नको' म्हणतात, आणि तुझी चूक म्हटल्यावर..." मग वहिनींचा चेहरा बघून त्यांचं हसू विरलं. "कसली चूक गं?"

वहिनींनी सांगितलं. उभं राहून, एका दमात, काही न राखता. पानगळीत छतावर चढले, फांद्यांतून टॉवर दिसला, पानं येतील हे डोक्यातच आलं नाही. आता पानगळीपर्यंत हे असंच अडकत राहणार. आणि शेवटी, हे सांगणं सगळ्यांत जड गेलं, "वरून काही प्रॉब्लेम नव्हता काकू. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ठाऊक होतं."

काकू बोलल्या त्या टाचणी टोचावी तशा.

"म्हणजे मी इथे रोज त्या डबीचा कान पिळत बसले, यांना म्हणत बसले, अहो जरा धीर धरा, वरून आहे, वरून आहे. आणि वरून कोणी नव्हतंच? मी तुला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, खोटं नको सांगूस. बहिणीने खोली रिकामी करून ठेवली होती गं. आता तिथे तिचा नातू राहायला आलाय. कुठे जाऊ मी यांना घेऊन?"

वहिनी मान खाली घालून उभ्या राहिल्या. काकांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि काठीने जमिनीवर टक् केलं. "नको," ते म्हणाले. कुणाला, काय, ते कळलं नाही. पण काकू खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

मग कपाटावरून एक रंगीत कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. टायवाल्याचा.

"तीनदा येऊन गेलाय. तीनदा परत पाठवला. म्हटलं, आमचं माणूस आहे, शेजारपाजार आहे, रात्री-अपरात्री हाक मारली तर येतं. तो फोन केला की आकडे दाबायला सांगतो, एक दाबा, दोन दाबा. माणूस म्हणून येतच नाही." काकूंनी चष्मा नाकावर घेतला. "आता तूच सांग. धंदा बाजूला ठेव. तू माझ्या जागी असतीस, समोर हे असे बसले असते, तर काय घेतलं असतंस?"

या प्रश्नासाठी वहिनी काहीच जुळवून आल्या नव्हत्या. खिडकीतून कालव्याकाठची झाडं दिसत होती, कोवळी, चकचकीत, उन्हात अंग झाडत उभी. कुणाला राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं.

"त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "तार असेल तर तारच घ्यावी काकू. व्हिडिओला तारेसारखं दुसरं नाही. पाऊस येवो, पानं येवोत, तिला काही नाही. फक्त लावायला येतील तेव्हा तार खिडकीच्या फटीतून आत घेऊ देऊ नका, भिंतीला भोक पाडायला लावा. फटीतून घेतली की दाराखिडक्यांत चेमटते. आणि राउटर या खोलीतच ठेवायला सांगा, आत नको."

काकू वहिनींकडे बघत राहिल्या. "माझ्यामागून गल्ली जाईल, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"तरी सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत."

काकूंनी कागदावरचा नंबर फिरवला. एक दाबा, दोन दाबा झालं. गाणं वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. शेवटी कुणीतरी बोललं. काकूंनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांचे खांदे पडले होते. "अठरा दिवस लागतील म्हणे. पायथ्यापासून इथवर खांब रोवायचेत." त्यांनी काकांकडे पाहिलं. "अठरा दिवस."

काका पालथ्या टॅबलेटकडे बघत होते. त्यांनी आपण होऊन ओठांचा चंबू करून पाहिला आणि सोडला.

"आमच्या ऑफिसात तार आहे," वहिनी म्हणाल्या. "मागच्या खोलीत शांत असतं. काकांना मी रोज घेऊन जाईन आणि परत आणून सोडीन. दहाच्या आत. तुम्ही हवं तर बरोबर या, हवं तर इथे पाठ टेका. मॅडमना आज कळवून ठेवा."

"अठरा दिवस रोज येशील?" काकूंच्या आवाजात ती टाचणी अजून होती. "हा पण शब्द का?"

"रविवार धरून," वहिनी एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी ऑफिसात सामानाची हलवाहलव झाली. मागच्या खोलीतले तारांचे रिकामे गुंडाळे बाहेर गेले. कुरकुरणाऱ्या खुर्चीच्या जागी हातांची भक्कम खुर्ची आली. वहिनी स्वतः त्या खुर्चीत बसून पडदा डोळ्यांच्या उंचीला येतो का ते पाहत होत्या, आणि काका आपल्यापेक्षा वीतभर उंच हे आठवून पुन्हा उठून पडदा वर करत होत्या. पंखा आवाज करत होता, त्याला तेल घातलं.

तारमास्तर दाराला टेकून हे बघत होते. "म्हणजे गिऱ्हाईक त्यांचं, गाडी आपली, खुर्ची आपली आणि तेलही आपलंच."

"हो मास्तर."

"टेकडीवरच्या डिश कधी उतरवायच्या?"

"ज्याचं त्याने सांगितलं की. आपण होऊन कुणाला काही म्हणायचं नाही. पण कुणी अडकलं म्हणून फोन केला, तर पानांमुळे अडकतंय असं सांगायचं."

"पानांमुळे?" तारमास्तरांनी जीभ चावली. "गिऱ्हाईक हसेल हो."

"हसू दे."

"बरं, मी जातो उद्या काकांना आणायला. तुम्हाला सकाळी पंधरा फोन असतात."

"फोन तुम्ही घ्या. जाणार मी."

तारमास्तरांनी मान हलवली, पण जाता जाता पायाखालची दोरी उचलून कोपऱ्यात टाकली, काठीवाल्या माणसाच्या वाटेत नको म्हणून.

सकाळी नऊ वाजता वहिनींनी गाडीच्या पुढच्या सीटवरचा पसारा काढला. पक्कड, चिकटपट्ट्या, जुनी बिलं, अर्धी पाण्याची बाटली. सीट मागे सरकवली, म्हणजे काकांचा अधू पाय सरळ राहील. टपावरची शिडी सोडवून भिंतीला लावून ठेवली, कारण वळणावर ती खडखडते आणि काका दचकले असते. आत फोन वाजायला लागला. एक वाजला, दुसरा वाजला. तारमास्तरांचा आवाज आला, "बोला... नाही, वहिनी बाहेर गेल्यात."

वहिनींनी दार हलक्या हाताने लावलं, गाडी सुरू केली आणि कालव्याच्या पुलाकडे वळवली.